विजेच्या गाडीचे दात कसे बघावेत?

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. ठाणे जिल्ह्यातला बैलबाजार म्हटला की म्हसा, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. तिथे बैल घेणारा माणूस आधी काय करतो? जबडा उघडून दात बघतो. आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला आहे, हे तिथल्या तिथे कळते. मग खूर, खांदा, चाल. आणि शेवटी रुमालाखाली हात घालून भाव. विकणाऱ्याने वय कितीही कमी सांगितले तरी दातांपुढे त्याचे काही चालत नाही.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. अंबाडी नाक्यावर चहा घेत होतो. ओळखीचे एक काका शेजारी येऊन बसले. भिवंडी तालुक्यातून मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग गेला, त्यात त्यांचा तुकडा गेला होता. मोबदल्याचे पैसे बरेचसे घरात आणि मुलीच्या लग्नात गेले. उरल्यात मुलाला गाडी घेऊन द्यायची होती. ठाण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे चार वर्षे चाललेली इलेक्ट्रिक मोटार त्यांनी बघून ठेवली होती. सव्वासात लाख सांगितले होते. रंग चकचकीत, आतली गादी नवीकोरी, डॅशबोर्डवर बॅटरी १०० टक्के. काका मला म्हणाले, "साहेब, बैलाचे दात बघून घेतो आम्ही. या गारीचे दात कुठं हायेत?"

मी पडलो शेती खात्याचा माणूस. करपा, तुडतुडे, माती परीक्षण हा माझा प्रांत. पण अडीच वर्षांपूर्वी मी स्वतः एक जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतली, गावोगाव त्याच गाडीने फिरतो, आणि ती घेताना व घेतल्यावर जे शिकलो ते पैसे मोजून शिकलो. गावात गेलो की आता बियाण्याच्या आधी गाडीचेच विचारतात. म्हणून म्हटले, एकदा लिहूनच टाकावे.

कणगी किती मोठी उरली?

विजेच्या गाडीत सगळ्यात महाग वस्तू म्हणजे बॅटरी. ती गाडीच्या तळाला सपाट पसरलेली असते. तिच्यात किती वीज मावते ते युनिटमध्ये मोजतात, आपल्या घरच्या मीटरवर असते तेच युनिट. उदाहरण घ्यायचे तर जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची. आपल्याकडे जुन्या बाजारात येणाऱ्या विजेच्या गाड्यांत या गाड्या बऱ्याच दिसतात, म्हणून तिचे नाव घेतले.

आता भाताची कणगी डोळ्यांसमोर आणा. नवी कणगी तीस मण घेते. वर्षे गेली, तळाला माती साचली, एका बाजूने ती आत दबली. भात भरले की वरून काठोकाठच दिसणार. पण आत मावले किती? पंचवीस मण. डॅशबोर्डवरचे १०० टक्के म्हणजे कणगी काठापर्यंत भरली एवढेच. कणगी किती मोठी उरली ते डॅशबोर्ड सांगत नाही. बहुतेक गाड्यांत हा दुसरा आकडा आतल्या कॉम्प्युटरला माहीत असतो, पण मालकाला दाखवला जात नाही. त्याला बॅटरीची तब्येत म्हणा. इंग्रजी ॲपमध्ये तो एसओएच या अक्षरांनी येतो. आणि भरलेली पातळी येते ती एसओसी या नावाने. ही दोन नावे सारखी वाटतात म्हणून गल्लत होते. व्यापारी पहिले विचारले की दुसरे दाखवतो!

हा लपलेला आकडा बघायचा म्हणजेच काकांच्या भाषेत दात बघायचे. त्यासाठी लागतो काड्यापेटीहून थोडा मोठा एक अडॅप्टर आणि तुमच्या खिशातला मोबाईल.

स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या वर, डॅशबोर्डच्या पोटाशी १६ भोकांचे एक सॉकेट असते. एक बाजू रुंद, एक अरुंद, साधारण सुपासारखा आकार. काही गाड्यांत त्यावर झाकण असते. याला ओबीडी सॉकेट म्हणतात. अमेरिकेने १९९६ सालच्या मोटारींपासून ते सक्तीचे केले, आणि कारण होते धूर. इंजिन बिघडून जास्त धूर ओकू लागले तर मेकॅनिकला यंत्र लावून कळावे. आपल्याकडे भारत स्टेज ४ च्या नियमांबरोबर २०१० पासून पहिला टप्पा आणि २०१३ पासून दुसरा टप्पा आला.

विजेच्या गाडीला धूरच नाही. तरी सॉकेट राहिले, कारण वर्कशॉपला गाडीशी बोलायला तीच एक खिडकी. पण गोम इथेच आहे. धुराच्या गाडीने कोणता आकडा कोणत्या खुणेने द्यायचा हे कायद्याने ठरलेले. बॅटरीचे आकडे मात्र प्रत्येक कंपनी आपापल्या बोलीत देते. त्यामुळे मोबाईलमधल्या ॲपला तुमच्या गाडीची बोली यावी लागते. ती नसेल तर अडॅप्टर लागतो, दिवा पेटतो, आणि पडद्यावर काहीच येत नाही. वारली पाड्यावर जाऊन अहिराणीत बोलल्यासारखे होते. दोष ना माणसाचा ना पाड्याचा.

अडॅप्टर घेताना

या अडॅप्टरच्या पोटात एक चिप असते. गाडीच्या तारेवरचे बोलणे ती साध्या अक्षरांत करते आणि बिनतारी मोबाईलकडे पाठवते. ईएलएम ३२७ नावाची मूळ चिप एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातल्या छोट्या कंपनीची. तिच्या पहिल्या आवृत्तीला नक्कल होऊ नये म्हणून कुलूपच नव्हते. तिच्या इतक्या नकला निघाल्या की आज बाजारात जे तीनशे-चारशे रुपयांना मिळते ते जवळजवळ सगळे नकलीच. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंदही झाली. नकली सगळ्याच टाकाऊ असतात असे नाही. पण पेटीवर छापलेल्या आवृत्तीच्या आकड्याला भुलू नका. तो कोणीही छापतो. बॅटरीतल्या शंभरेक सेलचे आकडे म्हणजे लांबलचक निरोप असतो, आणि स्वस्त चिप तो अर्ध्यात सोडते. पेट्रोल गाडीवर झकास चाललेला अडॅप्टर विजेच्या गाडीवर मुका होतो तो यामुळे. माझा पहिला तसाच निघाला. साडेतीनशे रुपये गेले आणि दोन रविवार गेले.

दुसरे असे की मोबाईल कोणता आहे ते आधी बघा. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथचा अडॅप्टर अँड्रॉईड फोनला चालतो, आयफोनला दिसतच नाही. आयफोनवाल्याने कमी वीज खाणारे नवे ब्लूटूथ, म्हणजे बीएलई लिहिलेला, किंवा वायफायचा घ्यावा. दुकानदाराला हे विचारा. तो "सगळ्याला चालतो" म्हणाला तर परत करायची बोली करून घ्या.

जोडणी कशी करावी?

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा. आधी अडॅप्टर सॉकेटमध्ये बसवा. तो एकाच बाजूने जातो, जोर करू नका. वाकलेली पिन सरळ करणे सोपे नसते. मग ब्रेक दाबून गाडी चालू करा, म्हणजे डॅशबोर्डवर गाडी निघायला तयार असल्याची खूण आली पाहिजे. नुसते दार उघडून किंवा नुसता रेडिओ चालू करून भागत नाही, कारण मोठ्या बॅटरीचा कॉम्प्युटर तेव्हा झोपलेला असतो.

आता मोबाईल. जुन्या ब्लूटूथचा अडॅप्टर असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याच्याशी जोडी करा. आकडा मागितला तर बहुधा १२३४, नाहीतर ०००० चालतो. बीएलईचा असेल तर सेटिंगमध्ये जोडी करूच नका, ॲपच्या आतूनच तो शोधा. या एका गोष्टीवर किती जण अडतात म्हणून सांगू! फोनच्या यादीत नाव दिसले की बोट तिकडे जातेच, आणि मग ॲपला तो सापडत नाही. वायफायचा असेल तर फोन त्या अडॅप्टरच्याच वायफायला जोडावा लागतो. तेवढा वेळ इंटरनेट बंद पडेल, घाबरू नका. ॲपमध्ये पत्ता मागतात, तो बहुतेकांत १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५००० असा असतो.

अँड्रॉईड फोन ॲपसाठी परवानगी मागतो. नव्या फोनवर जवळपासच्या उपकरणांची, जरा जुन्यावर लोकेशनची. ब्लूटूथचा आणि लोकेशनचा काय संबंध म्हणून लोक "नको" दाबतात आणि मग तासभर शोधत बसतात. ती द्या. त्यानंतर ॲपमध्ये तीन गोष्टी नीट निवडा: जोडणीचा प्रकार, अडॅप्टरचे नाव आणि गाडीचे मॉडेल. मॉडेल तंतोतंत तेच हवे. एकाच नावाच्या गाडीच्या दोन बॅटऱ्या असतील तर त्यांची बोलीही वेगळी असू शकते.

एवढे करूनही जुळत नसेल तर एक गावठी कारण तपासा. अडॅप्टर एका वेळी एकाच फोनशी बोलतो. माझ्या अंगणात अर्धा तास मी डोके खाजवत होतो, आणि तो घरात अभ्यास करणाऱ्या माझ्या मुलाच्या फोनला चिकटलेला होता. आदल्या दिवशी त्याने हौसेने जोडून बघितला होता. जुन्या मालकाचा फोन जवळ असेल तर तेच होते.

आकडे आले, आता वाचायचे कसे?

पहिला आकडा तब्येतीचा. ९२ टक्के आला तर ३०.२ युनिटच्या बॅटरीत साधारण पावणेअठ्ठावीस युनिट मावतात असे समजा. पण हा आकडा म्हणजे काट्यावरचे वजन नव्हे. गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच्या हिशोबाने बांधलेला तो अंदाज आहे, नजरपाहणीने पीक आणेवारी लावतात ना, तसा. काही गाड्या वर्षानुवर्षे १००च दाखवतात. काही गाड्या पूर्ण चार्ज मिळाला नाही तर चुकीचा धरतात. आज बऱ्याच गाड्यांत लोह-फॉस्फेट जातीच्या बॅटऱ्या असतात, त्यांचा दाब मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो. सपाट शेतात पाणी किती उतरले ते नुसते बघून कळत नाही, तसे त्या कॉम्प्युटरलाही निम्म्यावर नक्की कळत नाही; मधूनमधून १०० टक्क्यांपर्यंत भरावे लागते, तेव्हा हिशोब जुळतो.

म्हणून दुसरा आकडा जास्त मोलाचा: सगळ्यात वरचा सेल आणि सगळ्यात खालचा सेल यांतला फरक. बॅटरी म्हणजे सेलची साखळी. वीज एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी जाते. एक सेल रिता झाला की गाडीला थांबावेच लागते, बाकीच्यांत कितीही शिल्लक असो. शर्यतीच्या जोडीतला एक बैल लंगडला तर दुसऱ्याच्या ताकदीचा उपयोग काय?

आणि हा लंगडा सेल भरल्या पोटी लपतो. सांगायची खरी गोष्ट ही. व्यापारी गाडी नेहमी फुल चार्ज करून दाखवतो. त्या वेळी सगळे सेल सारखे दिसतात. गाडी वीस टक्क्यांच्या खाली उतरवा, एसी लावा, चढावर नेऊन जरा दाबा, आणि शेजारी बसलेल्याने फोनवर खालच्या सेलचा दाब बघावा. खाली उतरल्यावर थोडा फरक सगळ्याच बॅटऱ्यांत पडतो. पण दर वेळी त्याच नंबरचा सेल तळाला आणि दाबले की तो एकदम बुडतो, गाडीची ओढ तुटते, असे दिसले तर सव्वासात लाखांचा विचार पुन्हा करा. फोन बघण्याचे काम ड्रायव्हरने करू नये. आपल्या भिवंडी-वाडा रस्त्यावर तर नकोच नको. तिथे नजर खड्ड्यांवरच पाहिजे.

तिसरे, बिघाडाचे कोड. ते वाचा, पण पुसण्याचे बटण दाबू नका. आणि विकणाऱ्यानेही आधीच पुसून ठेवलेले असू शकतात हे लक्षात असू द्या. कोड एकही नाही म्हणजे सगळे ठीक असे नाही. एकदा पूर्ण चार्ज, एक लांब फेरी, आणि मग पुन्हा बघा. खरा बिघाड असेल तर बहुधा परत वर येतो. अडॅप्टर फक्त वाचतो असे लोकांना वाटते. काही ॲप गाडीत लिहूही शकतात. शहाणपणा वाचण्यातच आहे.

ज्यांना हा खटाटोप जमणार नाही त्यांना घरच्या मीटरचा उपाय सांगतो. गाडी एक रात्र मिळाली पाहिजे. साधा सबमीटर लावून २० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत १५ अँपिअरच्या सॉकेटवर चार्ज करा. ३०.२ युनिटच्या बॅटरीचे ८० टक्के म्हणजे चोवीस युनिट. वाटेत दहा-बारा टक्के वाया जातात, म्हणजे मीटरवर सत्तावीसच्या आसपास यायला हवेत. बाविसातच गाडी भरली तर कणगीचा तळ गेला आहे. ही रीत ढोबळ आहे, पण गाडीच्या कॉम्प्युटरने काहीही सांगितले तरी मीटर आपला स्वतंत्र मोजतो.

हे सगळे काही आपल्याच लोकांना सुचलेले नाही. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात उन्हाळा आपल्या विदर्भासारखा. तिथल्या निस्सान लीफ गाड्यांच्या बॅटऱ्या २०१२ मध्ये दोन-दोन वर्षांत आखडल्याच्या तक्रारी आल्या. त्या गाडीच्या बॅटरीला पाण्याने थंड ठेवायची सोय नव्हती. पुढे मालकांनी अडॅप्टर लावून आपापले आकडे टिपायला सुरुवात केली, लीफस्पाय नावाचे ॲपच त्यासाठी निघाले, आणि कंपनीने बॅटरी ठराविक मर्यादेखाली आखडल्यास दुरुस्तीची हमी दिली. युरोपात २०२३ च्या कायद्याने १८ फेब्रुवारी २०२७ पासून गाड्यांच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट सक्तीचा केला आहे. आपल्याकडे तोवर अडॅप्टर आहे.

पेट घेण्याची भीती बऱ्याच जणांना असते. जून २०२२ मध्ये इथून जवळच, वसईत, एका इलेक्ट्रिक मोटारीला आग लागली होती आणि केंद्र सरकारने चौकशी लावली होती, ते लोकांच्या लक्षात आहे. अडॅप्टर बॅटरीचे तापमान दाखवतो, पण तो आगीची घंटा नव्हे. बॅटरीच्या तळाला दगड लागून पोचा आला आहे का, कामवारी नाहीतर तानसा फुगली तेव्हा गाडी पाण्यात उभी होती का, हे फोनवर दिसत नाही. गाडी रॅम्पवर चढवून खालून बघावी लागते. बघताना नारिंगी रंगाच्या जाड तारांना हात लावायचा नाही. त्यांत शेकडो व्होल्ट असतात; आपल्या विहिरीवरच्या पंपाच्या तारेला जसे जपतो तसे.

आता माझी फजिती सांगतो. सॉकेटमधली १६ नंबरची पिन कायम जिवंत असते. ती गाडीतल्या दुसऱ्या, छोट्या, १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडलेली. होय, विजेच्या गाडीतही ती असतेच. दिवे, कुलूप आणि मोठी बॅटरी जोडणारा स्विच तिच्यावर चालतो. गणपतीला मी गावी गेलो, अडॅप्टर तसाच लावून. दहा दिवस तो थेंब थेंब वीज पीत राहिला. परत आलो तर दार उघडेना. मोठ्या बॅटरीत ७० टक्के शिल्लक आणि गाडी मढ्यासारखी पडलेली. शेवटी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणि दोन वायरी लावून ती जागी केली, तेही पुस्तिका वाचून, कारण प्रत्येक गाडीत ते करायची रीत वेगळी. तेव्हापासून काम झाले की अडॅप्टर काढतो. शिवाय लावून ठेवला तर रस्त्यावरचा कोणीही आपला फोन त्याला जोडू शकतो. १२३४ हे काही कुलूप नव्हे.

तर काकांची गाडी. मी, काका आणि त्यांचा मुलगा एका रविवारी ठाण्याला गेलो. तब्येत आली ९१ टक्के. व्यापारी खूश. मी म्हटले, गाडी खाली उतरवू द्या. तो कुरकुरला, पण काका खुर्ची ओढून बसलेच. मुलाने घोडबंदर रस्त्याला दोन फेऱ्या मारल्या, मी शेजारी फोन धरून. १७ टक्क्यांवर आलो आणि ४१ नंबरचा सेल बाकीच्यांना सोडून खाली गेला. मुलाने जरा दाबले, तो आणखी बुडाला, आणि डॅशबोर्डवर कासवाचे चित्र आले.

व्यापारी म्हणाला, तुमचे चिनी यंत्र खोटे आहे. काका शांतपणे म्हणाले, "असंल. मग तू कंपनीच्या वर्कशॉपचा कागुद दे, बॅटरी ठीक हाय म्हणून. आणि वारंटी माज्या नावावर चढते, त्ये बी लिहून." दोन दिवसांत देतो म्हणाला. महिना झाला, कागद आला नाही. उलट फोन आला, साडेपाच लाखांत घ्या.

काकांनी घेतली नाही. आता कल्याणला दुसरी एक बघून ठेवली आहे, या रविवारी आम्ही जाणार आहोत. विकणाऱ्याला गाडी २५ टक्क्यांवर ठेवायला आधीच सांगितले आहे. अडॅप्टर या वेळी काकांच्या खिशात आहे. माझ्याकडे दिला तर मी तो गाडीतच विसरेन, असे त्यांचे म्हणणे.